सात दिवसांची मदत, सहा महिन्यांची मुदत

रस्ते अपघातातील जखमींवर पैशांची वाट न पाहता उपचार व्हावेत, यासाठी केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी कॅशलेस उपचार योजना अधिसूचित केली. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने ही जबाबदारी सरकारवर टाकलेली होती. ती पार पाडण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला जानेवारी २०२५ मध्ये सरकारचे कान उपटावे लागले, हा भाग वेगळा. योजनेनुसार प्रत्येक जखमीला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि ते अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत. प्राण वाचविण्याच्या दृष्टीने ही व्यवस्था निःसंशय स्वागतार्ह आहे. मात्र दुचाकीच्या अपघातात होणारी एक दुखापत या सात दिवसांच्या चौकटीत बसतच नाही. ती पहिल्या आठवड्यात अनेकदा कोणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात आली तरी तिच्यावरची शस्त्रक्रिया बहुतेक रुग्णांत काही महिन्यांनी करावयाची असते, आणि ती ठरावीक मुदतीत झाली नाही तर पुढे कितीही पैसा ओतला तरी हात परत येत नाही. मानेतून निघून हाताला जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याची, म्हणजेच ब्रॅकियल प्लेक्ससची ही दुखापत होय.

या जाळ्याची रचना समजून घेतल्याखेरीज त्याच्या दुखापतीचे गांभीर्य ध्यानात येत नाही. मानेच्या मणक्यांमधून मज्जारज्जूची मुळे दोन्ही बाजूंना बाहेर पडतात. त्यांपैकी मानेतील पाचवे ते आठवे आणि छातीतील पहिले अशी पाच मुळे हाताच्या वाट्याला येतात. मानेच्या खालच्या भागात ती एकत्र येऊन त्यांचे तीन जाड सोट बनतात. वरच्या दोन मुळांचा एक, मधल्या मुळाचा स्वतंत्र आणि खालच्या दोहोंचा तिसरा. हासळीच्या हाडामागे प्रत्येक सोटाला दोन फाटे फुटतात आणि काखेत हे सहा फाटे पुन्हा एकमेकांत मिसळून तीन दोर तयार होतात. हाताला रक्त पुरविणाऱ्या मोठ्या धमनीला हे दोर तीन बाजूंनी वेढून असतात. या दोरांतून अखेर पाच प्रमुख मज्जातंतू बाहेर पडतात. एक खांदा उचलतो, दुसरा कोपर वाकवतो, तिसरा कोपर, मनगट व बोटे सरळ करतो. चौथा अंगठ्याची पकड आणि त्या बाजूच्या बोटांची संवेदना सांभाळतो, तर पाचवा करंगळीच्या बाजूची संवेदना आणि पंजातील बारीक स्नायू.

मोठ्या रेल्वे जंक्शनच्या यार्डात पाच मार्गांनी आलेले रूळ एकमेकांत मिसळून पुन्हा पाच दिशांना बाहेर पडतात, तसाच हा प्रकार. वरवर पाहता हा गुंता अनावश्यक वाटतो. प्रत्यक्षात त्यात मोठी सोय आहे. हाताच्या बहुतेक स्नायूंना एकाहून अधिक मुळांकडून तंतू मिळतात. त्यामुळे एकच मूळ दुखावले तर स्नायू दुबळा होतो, पण सहसा पूर्ण निकामी होत नाही. मात्र ज्या दाटीवाटीमुळे ही सोय साधते, तीच अपघातात घातक ठरते. अवघ्या वीतभर जागेत संपूर्ण हाताचा कारभार एकवटलेला असतो. वरच्या बाजूला तो मणक्यांना जखडलेला आणि खालच्या बाजूला खांद्याशी बांधलेला असतो. मान आणि खांदा एकमेकांपासून झटक्याने दूर गेले की मधल्या जाळ्यावर सगळा ताण येतो.

दुचाकीस्वाराच्या बाबतीत नेमके हेच घडते. वाहन घसरते, स्वार पुढे फेकला जातो आणि खांद्यावर आपटतो. खांदा जमिनीवर थांबतो, डोके मात्र विरुद्ध बाजूला जात राहते. एका क्षणात मानेपासून खांद्यापर्यंतचे अंतर वाढते आणि प्रथम वरची दोन मुळे ताणली जातात. वेग जास्त असेल तर पाचही. काही वेळा मुळे नुसती ताणली वा तुटली जात नाहीत, तर ओल्या जमिनीतून रोप उपटावे तशी मज्जारज्जूपासून उखडून निघतात. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील शल्यविशारद अल्गिमान्तास नाराकास यांनी शेकडो रुग्णांच्या अनुभवातून १९८५ साली एक ठोकताळा मांडला. या क्षेत्रात तो ‘सात सत्तरींचा नियम’ म्हणून ओळखला जातो. अशा दुखापतींपैकी सुमारे ७० टक्के रस्त्यावरील अपघातांत होतात. त्यांतील ७० टक्क्यांत मोटारसायकल किंवा सायकल असते. त्यांतील ७० टक्के जखमींना शरीरात इतरत्रही मोठ्या जखमा असतात. ७० टक्क्यांत इजा हासळीच्या वरच्या भागात असते, त्यांतील ७० टक्क्यांत किमान एक मूळ उखडलेले असते, उखडलेल्यांतील ७० टक्क्यांत खालची मुळे असतात आणि त्यांतल्या ७० टक्के रुग्णांचा पिच्छा वेदना सोडत नाही. हा हिशोब युरोपातील रुग्णांचा असला तरी दुचाकींवर चालणाऱ्या भारतीय शहरांना तो परका वाटण्याचे कारण नाही.

२०२२ या वर्षातील केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी पाहिली तर देशात चार लाख ६१ हजारांहून अधिक अपघात झाले. त्यांत एक लाख ६८ हजार ४९१ जण मृत्युमुखी पडले आणि चार लाख ४३ हजारांहून अधिक जखमी झाले. मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातल्याने मृत्यू पावलेल्यांची नोंद पन्नास हजारांच्या घरात आहे. हेल्मेटची सक्ती किती आवश्यक आहे, हे यावरून वेगळे सांगण्याची गरज नाही. पण या अहवालात जखमींची वर्गवारी ‘गंभीर’ आणि ‘किरकोळ’ एवढीच होते. जिवंत राहिलेल्यांपैकी किती जणांचा हात गेला, किती जणांचा पाय गेला, याचा पत्ता त्यातून लागत नाही. हेल्मेट कवटी वाचवते. मान आणि खांदा यांच्यामधल्या जाळ्यासाठी तसे कवच नाही. हेल्मेट आणि तत्पर उपचार यांमुळे जे वाचतील, त्यांच्या हाताचे पुढे काय, हा प्रश्न म्हणूनच अधिक महत्त्वाचा ठरणार आहे.

मज्जातंतूच्या इजेचे तीन प्रकार ब्रिटिश शल्यविशारद हर्बर्ट सेडन यांनी दुसऱ्या महायुद्धातील जखमींच्या अभ्यासातून १९४३ मध्ये निश्चित केले. ते आजही उपयोगी पडतात. पहिल्या प्रकारात तंतू शाबूत असतो, फक्त त्यातून जाणारा संदेश काही काळ अडतो. असा हात काही आठवड्यांत आपोआप पूर्ववत होतो. दुसऱ्यात आतला धागा तुटतो, पण त्याभोवतीची नळी टिकून असते. अशा वेळी धागा त्याच नळीतून पुन्हा वाढत जातो. तिसऱ्यात सर्वच तुटलेले असते आणि शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. अडचण अशी की पहिल्या दिवशी हे तीनही प्रकार सारखेच दिसतात. हात लुळा असतो, एवढेच कळते. सुई टोचून केली जाणारी स्नायूंची विद्युत तपासणी साधारण तीन ते चार आठवड्यांनंतरच भरवशाची ठरते, कारण तुटलेल्या तंतूचा पुढचा भाग झिजून जायला तेवढा वेळ लागतो.

याच तपासणीत एक चकवाही दडलेला आहे. रुग्णाला बोटाला काहीही कळत नसते, पण त्याच बोटाच्या संवेदना वाहणाऱ्या तंतूची विद्युत चाचणी मात्र अगदी उत्तम येते. नवख्या माणसाला हे शुभचिन्ह वाटेल. वास्तविक ती सर्वांत वाईट बातमी असते. संवेदना वाहणाऱ्या तंतूच्या मूळ पेशी मज्जारज्जूच्या किंचित बाहेर एका गाठीत असतात. मूळ त्या गाठीच्याही आत, मज्जारज्जूजवळ उखडले असेल तर बाहेरचा तंतू जिवंत राहतो, पण त्याचा मेंदूशी संबंध तुटलेला असतो. उखडलेले मूळ परत जोडून हात पूर्ववत करण्याचा खात्रीचा मार्ग वैद्यकशास्त्राला अद्याप सापडलेला नाही. त्याच बाजूची पापणी खाली उतरलेली आणि डोळ्याची बाहुली लहान झालेली दिसली, तर छातीतले पहिले मूळ उखडले असल्याची शंका घ्यावी लागते. हाताच्या दुखापतीसाठी डोळा तपासावा लागतो, हे ऐकून नातेवाईक चक्रावून जातात. परंतु डोळ्याकडे जाणारे काही तंतू त्या मुळाच्या वाटेनेच बाहेर पडतात.

मुदतीचा प्रश्न येतो तो येथे. तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो, पण त्याचा वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर असतो. मानेपासून पंजापर्यंतचे अंतर सुमारे ७० सेंटीमीटर धरले तर धाग्याला तेथे पोहोचायला दोन वर्षे लागतील. दुसरीकडे, मज्जातंतूचा संबंध तुटलेला स्नायू साधारण वर्ष ते दीड वर्षानंतर त्याचा स्वीकार करण्याची क्षमता गमावून बसतो. या दोन आकड्यांच्या शर्यतीत पंजा बहुधा हरतो. खांदा आणि कोपर मात्र वाचवता येतात, अट एकच की काम लवकर सुरू झाले पाहिजे. म्हणूनच बंद जखमेत पहिले तीन महिने आपोआप सुधारणा होते का, हे पाहावे आणि ती दिसली नाही तर अपघातापासून सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया करावी, असा या विषयातील तज्ज्ञांचा सर्वसाधारण दंडक आहे. मुळे उखडल्याचे स्पष्ट असेल तर तेवढेही थांबण्याचे कारण नसते. काच वा धारदार शस्त्राने झालेल्या उघड्या जखमेत तर तंतू ताबडतोब जोडणेच इष्ट.

प्रत्यक्षात हे महिने कोठे जातात? अपघातग्रस्त प्रथम ज्या रुग्णालयात येतो, तेथे डोके, छाती आणि पोट यांना प्राधान्य मिळते आणि ते योग्यच आहे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तो हात हलवतो की नाही, हे पाहणार कोण? हासळीचे किंवा दंडाचे हाड मोडलेले असले तर हात झोळीत जातो. हात हलत नाही याचे कारण प्लॅस्टर, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. ‘प्लॅस्टर निघाले की हलू लागेल’ या आश्वासनावर दीड महिना निघतो. मग तेलमालीश, मग हाडवैद्य, मग विजेचे शेक, मग कोणीतरी सुचवलेली जीवनसत्त्वांची इंजेक्शने. योग्य शल्यविशारदापर्यंत पोहोचेपर्यंत वर्ष उलटलेले असते. यात रुग्णाचा निष्काळजीपणा शोधण्यात अर्थ नाही. मज्जातंतूला मुदत असते, हेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

वेळेत आलेल्या रुग्णासाठी मात्र गेल्या तीन-चार दशकांत पुष्कळ काही घडले आहे. तुटलेल्या टोकांमध्ये पायातून काढलेला संवेदनेचा तंतू कलम म्हणून बसवणे ही जुनी पद्धत. मूळच उखडले असेल तर कलम जोडायला वरचे टोकच उरत नाही. अशा वेळी शेजारच्या चालू तंतूतून उसनवारी केली जाते. फ्रान्सच्या क्रिस्तोफ ओबेर्लँ यांनी १९९४ साली करंगळीकडे जाणाऱ्या मज्जातंतूतील एक लहान जुडगा काढून तो दंडाच्या बेटकुळीच्या स्नायूला जोडण्याची रीत प्रसिद्ध केली. अंतर अवघे काही सेंटीमीटरचे, त्यामुळे स्नायू काही महिन्यांतच हलू लागतो आणि ज्याच्याकडून उसने घेतले त्या पंजाचे फारसे बिघडत नाही. मान फिरवणाऱ्या व खांदे उडवणाऱ्या तंतूचा काही भाग खांद्याकडे वळवला जातो. पाचही मुळे गेली असतील तर बरगड्यांमधले श्वासाचे तंतू कोपराच्या स्नायूला जोडतात. असा रुग्ण सुरुवातीला कोपर वाकवण्यासाठी दीर्घ श्वास घेतो! पुढे सरावाने मेंदू नवी वाट शिकतो आणि श्वासाची गरज कमी होत जाते. चीनमधील गू युडाँग यांनी १९८६ मध्ये विरुद्ध बाजूच्या चांगल्या हाताचे एक मूळ वापरण्यापर्यंत मजल मारली. मुळांच्या देवाणघेवाणीमुळे त्या चांगल्या हाताला होणारा तोटा बहुधा तात्पुरता असतो. जाळ्याचा गुंता येथे कामी येतो.

या शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने, कित्येक तास चालतात. कोइम्बतूरचे गंगा हॉस्पिटल किंवा मुंबईत डॉ. मुकुंद थत्ते यांच्यासारख्या शल्यविशारदांनी त्या भारतात रुजवल्या. तरीही हे कौशल्य मोजक्या महानगरांतच एकवटलेले आहे. यशाबद्दलही भाबडेपणा नको. वरच्या दोन मुळांची इजा असलेल्या रुग्णाला खांदा व कोपर बऱ्याच अंशी परत मिळतो आणि पंजा शाबूत असल्याने तो कामाला लागू शकतो. पाचही मुळे उखडली असतील तर मिळणारा हात हा मदतनीस हात असतो. तो वस्तू दाबून धरू शकतो, पण लिहू शकत नाही. आणि वेदना? ज्या पंजाला स्पर्श कळत नाही, त्याच पंजात आग होते, विजेचे झटके येतात. वर्षानुवर्षे झोप उडवणाऱ्या या वेदनेचा उल्लेख अपंगत्वाच्या टक्केवारीत कोठेच येत नाही.

हे जाळे केवळ रस्त्यावरच दुखावते असे नाही. बाळंतपणात डोके बाहेर आल्यावर बाळाचा खांदा अडकला आणि मानेवर ताण आला, तर हीच इजा नवजात अर्भकाला होते. हजार जन्मांमागे साधारण एक-दोन बालकांत ती आढळते. फ्रान्सचे द्युशेन आणि जर्मनीचे विल्हेल्म एर्ब यांनी १८७० च्या दशकात वरच्या मुळांच्या इजेचे वर्णन केले, तर १८८५ मध्ये ऑगस्टा क्लुम्पके या तरुणीने पॅरिसमध्ये खालच्या मुळांचे; स्त्रियांना रुग्णालयांत उमेदवारी मिळवण्यासाठी झगडावे लागत होते तो हा काळ. जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म १८५९ साली पायाळू जन्मला, त्याचा डावा हात आयुष्यभर आखूड व दुबळा राहिला आणि छायाचित्रांत तो झाकण्याची त्याची धडपड असे. बालकांच्या बाबतीत दिलासा असा की बहुतेकांचा हात आपोआप सुधारतो. मात्र तिसऱ्या महिन्यापर्यंत बाळ कोपर वाकवत नसेल तर तज्ज्ञाकडे नेलेच पाहिजे. ‘मोठे झाले की हलवेल’ हा घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला येथे महागात पडतो.

जाळ्याच्या पुढे, हातात उतरलेल्या तंतूंच्या दुखापती अधिक सामान्य आणि तुलनेने सौम्य असतात. दंडाचे हाड मोडले की त्याला वळसा घालून जाणारा तंतू चिमटतो आणि मनगट लोंबते. बहुतेकदा ते काही महिन्यांत सुधारते. मनगटाच्या बोगद्यात दबणाऱ्या तंतूमुळे रात्री बोटांना येणाऱ्या मुंग्या अनेक गृहिणींच्या परिचयाच्या आहेत. कोपराच्या मागे, ठेच लागताच झिणझिण्या येतात त्या जागी, करंगळीचा तंतू अगदी कातडीखाली असतो. कुष्ठरोगात तो सुजून निकामी होतो आणि बोटे वाकडी होतात. अशा हातांवर पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला आणि नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्याला शस्त्रक्रिया केल्या. निकामी तंतूमुळे गेलेला हात परत कामाला लावण्याची परंपरा या देशाला परकी नाही, एवढे यावरून दिसते.

प्रश्न उरतो तो व्यवस्थेचा. कॅशलेस योजनेची मुदत सातऐवजी दोनशे दिवस करा, ही मागणी आकर्षक असली तरी व्यवहार्य नाही. तो निधी प्राण वाचवण्यासाठीच राहिला पाहिजे. पण आठव्या दिवशी रुग्णाला कोणाच्या हवाली करायचे, याचे उत्तर त्या योजनेतूनच मिळायला हवे. घरी सोडतानाच्या कार्डावर रुग्ण खांदा उचलतो का, कोपर वाकवतो का, बोटे हलवतो का, या तीन प्रश्नांची सक्तीची नोंद करण्यास एक रुपयाही लागत नाही. उत्तर नकारार्थी असेल तर महिनाभराने विद्युत तपासणी आणि तिसऱ्या महिन्याला तज्ज्ञाची भेट, असा निर्देश त्याच कार्डावर छापता येईल. केंद्राची व राज्यांची आरोग्य विमा योजना तेथून पुढे सूत्रे हाती घेऊ शकते. दोन शासकीय योजनांमधली ही कडी जोडणे पैशापेक्षा इच्छाशक्तीचे काम आहे.

नुकसानभरपाईचा मार्गही असाच अडखळणारा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले की शारीरिक अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची हानी या भिन्न गोष्टी आहेत. डावा हात गमावलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते. तोच हात गमावलेल्या चालकाची वा सुताराची कमाई जवळपास संपूर्ण बुडते. लुळ्या हाताच्या डिलिव्हरी कामगाराला हा निकाल मोठा आधार ठरावा. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करण्याचे बंधन घातले आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. शस्त्रक्रियेचे फळ दिसायला दीड-दोन वर्षे लागतात. म्हणजे हात कितपत परत येणार हे डॉक्टरांनाही ठाऊक नसताना, किंबहुना रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर असताना, त्याला न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागते. या तरतुदीला आव्हान देणाऱ्या याचिकांवर निकाल होईपर्यंत मुदत उलटल्याच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. न्यायालयाला दाव्याची मुदत अशी थांबवता येते. दिवसाला एक मिलिमीटर सरकणाऱ्या तंतूची मुदत थांबवणे कोणाच्याच अधिकारात नाही, आणि ती कधी सुरू झाली हे घरी सोडतानाच्या कार्डावर आजही लिहिलेले नसते.